तोडायला घाई नाही, उभं करायला आहे

प्रश्न थोडक्यात असा: दापोली तालुक्यात वडिलोपार्जित घर, मागे पंधरा गुंठ्यांची वाडी, मालक पुण्यात. गेल्या आठवड्यातल्या वळवाच्या वादळात आठ-नऊ वर्षांचं हापूसचं एक कलम मुळांसकट आडवं झालं. तीसेक वर्षांचं दुसरं कलम बेचक्यातून फाटलं. पडवीलगतचा फणस घराकडे कललाय आणि दोन माडांचे शेंडे पिळवटलेत. चुलतभाऊ म्हणतो, सगळं तोडून मोकळे व्हा. लाकडाचा व्यापारी दारात येऊन गेला, उद्याच टेम्पो लावतो म्हणतो. काय तोडायचं, काय ठेवायचं, आणि हे किती दिवसांत ठरवायचं?

तुमच्या प्रश्नातले ते शेवटचे शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत, आणि नेमके तेच कोणी विचारत नाही. वादळानंतर लोकांच्या हातात आधी कोयता येतो. खरं तर पडलेलं कलम उभं करायचं असेल तर तुमच्याकडे आठवडाही नाही. तोडायचं असेल तर दिवाळीपर्यंत वेळ आहे. आपण बरोबर उलटं करतो. तोडण्याची कामं पहिल्या चार दिवसांत उरकतो आणि उभं करायचं ते "पाऊस लागला की बघू" म्हणून ठेवून देतो.

मी या भागात कलमं बांधायला आणि झाडं छाटायला लागलो त्याला सत्तावीस वर्षं होतील. हा धडा मला उशिरा मिळाला. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळ्यापासून आमच्या मंडणगड-दापोलीपर्यंत आगरंच्या आगरं झोपली. पुढचे दोन आठवडे मी करवत खाली ठेवली नाही. रस्ते मोकळे करायचे होते, घरांवरचे माड उतरवायचे होते, ते करणं भागच होतं. पण त्याच झपाट्यात मी वाड्यांमधली अशीही कलमं कापली ज्यांचा कोणाला काही त्रास नव्हता. मालक म्हणाले "काढून टाका", मी काढली. शेजारच्या एका वाडीचा मालक मुंबईत होता. टाळेबंदीमुळे त्याला येता आलं नाही आणि त्याला न विचारता कोणी हात लावला नाही. त्याचं चाळीस वर्षांचं कलम आडवं पडलं होतं, पण दक्षिणेकडची मुळं जमिनीतच होती. भाद्रपदात बघतो तर खोडाच्या वरच्या अंगाला ओळीने तांबूस पालवी फुटलेली. ते झाड आजही आडवंच आहे. आंबे काढायला घळ (लांब काठीची जाळी) लागत नाही, उभ्या उभ्या हाताने तोडतात.

आता तुमच्या वाडीकडे येतो. झाडांआधी दोन गोष्टी सांगतो. त्या चुकल्या तर झाडं राहिली बाजूला, माणूसच जातो.

पहिली, वायर. पडलेली किंवा फांदीत अडकलेली कुठलीही वायर चालू आहे असंच धरून चाला. गावात लाइट नाही म्हणून वायर मेलेली असते असं नाही. शेजाऱ्याच्या जनरेटरचा किंवा इन्व्हर्टरचा करंट उलटा फिरून लाइनवर आल्याची उदाहरणं आहेत. ओली फांदी, ओलं कुंपण, तारेवर पडलेला माडाचा झाप, यातलं काहीही करंट वाहून नेतं. महावितरणच्या १९१२ या नंबरावर कळवा, गावातल्या वायरमनला फोन करा, आणि त्याने खांबावरून लाइन तोडल्याचं स्वतः येऊन सांगेपर्यंत त्या बाजूला कोणाला फिरकू देऊ नका. काठीने वायर बाजूला करणारा एक शहाणा प्रत्येक वाडीत असतो. त्याला आधी चहाला बसवा.

दुसरी, ताण. आडवं झालेलं झाड मेल्यासारखं शांत दिसतं, पण त्याच्या अंगात वाकवलेल्या धनुष्याइतका जोर असतो. दबलेली फांदी चुकीच्या बाजूने कापली की ती सुटून तोंडावर येते. त्याहून फसवा असतो मुळांचा गड्डा. झाड मुळांसकट उपटलं की मातीची एक मोठी थाळी उभी राहते आणि तिच्यामागे खड्डा पडतो. खोड पडून असतं तोवर त्याच्या वजनाने ती थाळी उभी राहते. बुंध्याजवळून खोड कापलं की थाळी धाडकन परत खड्ड्यात बसते. माझा एक गडी त्या खड्ड्यात उतरून मुळं तोडत होता आणि दुसऱ्याने वरून करवत चालवली. पहिल्याचा पाय घोट्यापाशी मोडला. त्याच्या छातीपर्यंत माती आली नाही हे नशीब. तो दिवस माझ्या देखरेखीखालचा होता, त्यामुळे दोष माझाच. तेव्हापासून उपटलेल्या झाडाच्या खड्ड्याभोवती मी आधी दोरी बांधतो आणि पोरांना हाकलतो. पोरांना तो खड्डा लपायला फार आवडतो.

चेनसॉबद्दल एवढंच सांगतो. भाड्याने मिळते म्हणून ती कोणीही चालवू नये. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र उसळून अंगावर येतं. शिडीवर उभं राहून किंवा खांद्याच्या वर हात नेऊन ती चालवणारा माणूस दिसला तर त्याला पैसे देऊन घरी पाठवा. हातकरवतीने आणि कोयत्याने होणारी कामं वाडीत भरपूर असतात, ती करा.

आणि हो, काहीही कापण्याआधी फोटो काढा. प्रत्येक झाडाचा एक लांबून, ज्यात घर किंवा गडगा दिसेल असा, आणि एक बुंध्याजवळून. तलाठ्याला आणि कृषी सहायकाला कळवून पंचनामा करून घ्या. निसर्गच्या वेळी आधी भरपाई हेक्टरी होती. आमच्याकडच्या वाड्या गुंठ्यांतल्या, त्यामुळे हिशेब केला की हातात काहीच पडेना. ओरड झाल्यावर सरकारने माडाला झाडामागे २५० आणि सुपारीला ५० रुपये असा दर लावला. ही रक्कम फार नाही, तरी तेवढ्यासाठी सुद्धा झाड मोजता यायला हवं, आणि तोडून जाळलेलं झाड मोजता येत नाही.

आता ते आडवं पडलेलं तरुण कलम. हे सगळ्यात आधी हातात घ्या, उद्याच. मुळं उघड्यावर पडल्याला आठवडा होत आला म्हणजे वेळ हातातून चाललाय. आज संध्याकाळीच चुलतभावाला सांगा की उघड्या मुळांवर ओली गोणपाटं टाक आणि दिवसातून दोनदा पाणी मार. मुळांची केसासारखी बारीक टोकं पाणी ओढतात आणि ती उन्हात एका दुपारीत करपतात. जाड मुळं दिसायला धडधाकट राहतात, त्यामुळे आपल्याला वाटतं अजून वेळ आहे.

उभं करायची रीत अशी. आधी झाड हलकं करायचं. पानोरा निम्म्याने कमी करा, कारण निम्मी मुळं तुटलीत आणि उरलेली मुळं सगळ्या पानांना पाणी पुरवू शकणार नाहीत. याच जागी बहुतेकांचा हात आखडतो. यंदा-पुढच्या वर्षीचा मोहोर जाईल म्हणून फांद्या राखतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हात झाड उभ्या उभ्या वाळतं. मग तुटून चिंध्या झालेली मुळं धारदार करवतीने स्वच्छ कापा. ठेचलेलं मूळ कुजतं, कापलेलं मूळ फुटतं. खड्ड्यातली सैल माती काढून तो थोडा खोल आणि रुंद करा. ही पायरी सोडली तर गड्डा पूर्ण खाली बसत नाही आणि झाड कायम थोडं उचललेलं राहतं.

ओढण्यासाठी चेनपुली सगळ्यात चांगली. पलीकडच्या एखाद्या भक्कम झाडाला, तिथेही गोणपाट गुंडाळून, पुली अडकवायची आणि कलमाच्या खोडाला मधोमध जुन्या टायरचा पट्टा किंवा रुंद नायलॉनचा बेल्ट घालून इंच-इंच ओढायचं. तार किंवा नुसता काथ्याचा दोर थेट सालीवर नको. साल सोलली की सगळी मेहनत वाया. ट्रॅक्टरने ओढू नका असं मी म्हणत नाही, पण ट्रॅक्टरवाल्याला "हळू" या शब्दाचा अर्थ पटवायला अर्धा तास जातो. झाड सरळ काटकोनात यायला हवं असा हट्ट धरू नका. वाऱ्याच्या दिशेला किंचित झुकलेलं राहिलं तर राहू दे. ओढताना आतून कडकड ऐकू आली की थांबा, ती उरलीसुरली मुळं तुटत असतात.

उभं झालं की माती भरताना पायाने दाबत, पाणी ओतत भरा, म्हणजे आत पोकळी राहणार नाही. तीन बाजूंनी बांबूचे किंवा सुरूचे टेकू द्या. बांधणी खोडाच्या साधारण दोन-तृतीयांश उंचीवर, मध्ये टायरचा तुकडा घालून आणि थोडी सैल. वाऱ्यात झाड जरासं हलायला हवं, त्याशिवाय नवी मुळं जाड होत नाहीत. टेकू दोन पावसाळे ठेवायचे. खत? पहिल्या पावसाळ्यात अजिबात नाही. मुळं नसलेल्या झाडाला युरिया टाकणं म्हणजे तापात फणफणलेल्याला श्रीखंड वाढणं. पावसाळा संपल्यावर मात्र, दसऱ्यापासून पुढे उन्हाळाभर, आठवड्याला पाणी चुकवू नका. उभी केलेली कलमं वादळाने मरत नाहीत, पुढच्या मार्चमध्ये पाण्यावाचून मरतात. मालक पुण्यात असला की हे हमखास होतं, म्हणून पाण्याची जबाबदारी नाव घेऊन कोणावर तरी टाका.

बुंधा मांडीपेक्षा जाड असेल तर मी उभं करायच्या भानगडीत पडत नाही. तेवढ्या झाडाचं वजन नव्या मुळांना पेलत नाही, पुढच्या वादळात ते परत पडतं, आणि या वेळी कोणाच्या तरी अंगावर. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर सरकलं तेव्हा आमच्याकडे वारा निसर्गइतका नव्हता. तरी आदल्या वर्षी हौसेने उभी केलेली जाडजूड झाडं भराभर पडली. मोठं झाड वाचवायचं तर ते आडवंच राहू द्यावं, फांद्या कमी कराव्यात, उघड्या मुळांवर मातीचा ढीग चढवावा आणि वाट बघावी.

दुसरं कलम, बेचक्यातून फाटलेलं. इथे आधी पाहायचं ते फाट किती खाली गेली आहे हे. फाट वीतभर असेल आणि दोन्ही फांद्यांची पानं अजून टवटवीत असतील, तर दोन्ही फांद्यांचं वजन छाटून कमी करावं, दोरीने हळूहळू जवळ ओढाव्यात आणि फाटीच्या थोडं वर आरपार भोक पाडून वॉशर लावलेला लांब बोल्ट घालावा. ऐकायला क्रूर वाटतं, पण बारीक भोकाभोवती झाड लाकूड चढवतं. उलट सगळीकडे दिसणारा तारेचा वेढा पाच वर्षांत झाडाचा गळा आवळतो. फाट हातभर खाली बुंध्यात उतरली असेल तर दोघांतली कमजोर फांदी काढावी लागेल. तीस वर्षांच्या कलमाला बोल्टचा आधार कितपत पुरेल याची मला शंकाच आहे. फोटोशिवाय सांगायचं तर माझा कल एक फांदी काढण्याकडे आहे.

कापायचं कसं हे जरा नीट सांगतो, कारण वाडीतली निम्मी दुखणी कापण्याच्या रीतीतून येतात. मोठी फांदी वरून एकदम कापायला गेलं की ती अर्धी कापली जाताच स्वतःच्या वजनाने खाली येते आणि जाताना खोडाची साल हातभर सोलून नेते. म्हणून तीन काप. पहिला खोडापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूने, जाडीच्या चौथ्या हिश्शाइतका. दुसरा त्याच्या चार बोटं पुढे, वरून, आरपार. फांदी पडली, साल वाचली, खुंट उरला. तिसऱ्या कापाने तो खुंट काढायचा. आता तो कुठून काढायचा? फांदी खोडातून निघते तिथे बोटं फिरवा. एक फुगीर, सुरकुतलेली कड लागते, पाळण्यातल्या बाळाच्या मनगटाला वळी असते तशी. त्या कडेच्या बाहेरून कापायचं. कड कापली तर झाडाची जखम बंद करण्याची ताकदच कापली गेली. लांब खुंट ठेवला तर तो वाळतो आणि वाळवीला व बुरशीला आत जायला वाट मिळते. अॅलेक्स शिगो या अमेरिकन शास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड तिच्याभोवती आतून भिंत बांधून ती कोंडून टाकतं. आपलं काम ती भिंत न पाडण्याचं.

मग जखमेवर बोर्डो, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं बुरशी रोखणारं मिश्रण, लावायचा की नाही? शिगोंसारख्यांचं म्हणणं असं की जखमेवर काही फासल्याने आतलं कुजणं थांबत नाही, आणि डांबर किंवा ऑइलपेंट लावण्याबद्दल ते शंभर टक्के बरोबर आहेत. पण आपल्याकडे जूनमध्ये पडलेल्या जखमेवर चार महिने पाणी गळतं, आणि कच्च्या लाकडाच्या वासावर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, येतं. म्हणून मी बोर्डोपेस्ट लावतो. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आदल्या रात्री फडक्यात बांधून प्लास्टिकच्या बादलीत लोंबकळत ठेवायचा, सकाळपर्यंत विरघळतो. चुना वेगळ्या बादलीत विरवून गाळायचा. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळायचं. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको. झालं की घासून चकचकीत केलेलं विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद वरचढ आहे, चुन्याचं पाणी आणखी घाला. पातं स्वच्छ निघालं की मिश्रण तयार. रंग आकाशासारखा निळा दिसतो. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही.

भिरुडाचं म्हणाल तर पुढचे सहा-आठ महिने दर पंधरा दिवसांनी बुंध्यापाशी वाकून बघा. करवतीच्या भुशासारखा भुसा खोडाच्या भोकातून बाहेर आलेला दिसला की अळी आत आहे. लवचीक तार भोकात घालून ती ओढून काढा, भोक मातीने लिंपा. ही वेळेवर दिसली तर पाच मिनिटांचं काम, नाही दिसली तर कलम जातं. आणि पुढे बुंध्यातून फूट आली तर हुरळून जाण्याआधी कलमाच्या सांध्याची रेघ शोधा. सालीचा पोत तिथे बदलतो. रेघेच्या वरची फूट हापूस, खालची रायवळ. खालची जोमाने वाढते, तीच राखून सात वर्षांनी आंबट आंबे खाल्लेली माणसं मला माहीत आहेत.

फणसाची मला सगळ्यात जास्त काळजी आहे, कारण तो घराकडे कललाय. पण "कललाय" यात दोन शक्यता असतात. पुष्कळ झाडं वर्षानुवर्षं कललेलीच असतात, वादळानंतर ती आपल्याला पहिल्यांदा दिसतात. जुना कल असेल तर खोड खाली वाकून वर शेंड्याकडे परत सरळ झालेलं असतं, कारण झाडाने उजेडाकडे स्वतःला सावरलेलं असतं. नवा कल बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकसारखा तिरका. नंतर बुंध्याच्या मागच्या अंगाला जा, म्हणजे घराच्या विरुद्ध बाजूला. जमिनीला अर्धगोल भेग पडली आहे का? माती फुगून वर आली आहे का? वारा असताना तिथे अनवाणी पाय ठेवून उभे राहा. मुळं उचलत असतील तर पायाला कळतं.

भेग नसेल आणि तरी शंका असेल तर गवंड्याचा ओळंबा आणा. खोडाला माणूसभर उंचीवर खिळ्याला ओळंबा टांगा, तो जमिनीवर जिथे येतो तिथे खुंटी ठोका. रोज सकाळी बघा. आठवडाभरात बोटभर जरी सरकला तरी झाड चाललंय, मग घाई करा. जागचा हलला नाही तर झाड तूर्त बसलंय. घराकडच्या फांद्यांचं वजन कमी करा, शेंडा मात्र उडवू नका, आणि पावसाळाभर त्या बाजूच्या खोलीत कोणाला झोपवू नका. भेग असेल तर फणस जाईल, त्याला इलाज नाही. तोही एका घावात नाही. वरून तुकड्या-तुकड्याने, दोरीने बांधून उतरवावा लागेल, आणि हे काम चढणाऱ्या तरबेज माणसाचंच आहे. दोन दिवस पडवीकडे जाऊ नका.

एक विचारतो. त्या फणसाजवळ अलीकडे सेप्टिक टँकचा खड्डा किंवा कंपाउंडचा पाया खणला होता का? कललेल्या झाडापाशी गेलो की दहातल्या सात वेळा मला दोन-तीन वर्षांपूर्वीचं खोदकाम सापडतं. एका बाजूची मुळं जेसीबीने तोडलेली असतात, झाड तसंच उभं राहतं, आणि आळ वादळावर येतो. शहरात हेच काम बुंध्यापर्यंत बसवलेले पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट करतात. तुमच्या पुण्यातल्या सोसायटीत गुलमोहर असतील तर यंदाच बघून घ्या, त्यांची मुळं मुळातच उथळ.

माडांचं गणित आंब्याहून साधं आहे. माडाला जीव एकाच ठिकाणी, शेंड्याच्या मधल्या कोंबात. तो कोंब धड तर माड धड, बाकी सगळे झाप फाटले तरी. कोंब मोडला तर खोड कितीही भक्कम असो, माड संपला. माडाला फांदी फुटत नाही. तेव्हा चढणाऱ्या गड्याला सांगा की मधला न उलगडलेला कोंब हलकेच ओढून बघ. घट्ट असेल तर काही करू नका. हातात आला आणि बुडाला कुजका वास असला तर कोंबकूज लागली. शेजारच्या माडांच्या शेंड्यात एक टक्का बोर्डोमिश्रण ओता, म्हणजे वरचंच प्रमाण, पण दहाऐवजी शंभर लिटर पाण्यात. पिळवटलेले, लोंबणारे पण हिरवे झाप काढू नका. तेच आता त्याचं पोट भरतायत. माडाला साधारण महिन्याला एक झाप येतो, म्हणून तीन महिने थांबा. दोन-तीन नवे झाप उलगडले तर पास. नारळ मात्र पुढची दोन वर्षं कमीच धरा.

एक चूक मात्र करू नका. मेलेल्या माडाचे ओंडके वाडीत कुजत टाकू नका. कुजणाऱ्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि ताज्या जखमांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. निसर्गनंतर दोन वर्षांनी धड माडांचे झाप पंख्यासारखे त्रिकोणी कातरलेले दिसायला लागले. ते गेंड्याचं काम, आणि ते आम्हीच बांधाला रचून ठेवलेल्या ओंडक्यांतून आलं होतं. खोड जुनं, कठीण असेल तर चिरून वासे काढा, पन्हळी करा. नाहीतर फाळके करून उन्हात वाळवा आणि बंबात घाला. आणि त्या ढिगाऱ्यातल्या करवंट्या पालथ्या करा, डासांना तेवढं पाणी पुरतं.

राहिला तुमचा व्यापारी. आंबा आणि फणस ही दोन्ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. खाजगी जागेतली असली तरी तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वनखात्याचा वाहतूक परवाना. "कागदाचं मी बघतो" असं व्यापारी म्हणतो, तेव्हा तो कागद तुमच्या नावावर असतो हे लक्षात ठेवा. वादळानंतरच्या आठवड्यात भाव पडलेलाच असतो, कारण सगळ्या गावाचं लाकूड एकदम बाजारात येतं. आंब्याचं ओंडकं पावसात काळं पडतं आणि किडतं, त्याच्या बाबतीत घाई समजू शकतो. फणसाचं तसं नाही. त्याचा पिवळा गाभा दोन-तीन वर्षं शेडमध्ये ठेवला तरी काही होत नाही, उलट मुरतो. तो फणस उतरवावाच लागला तर बुंध्याचा मोठा ओंडका टेम्पोत चढू देऊ नका. पडवीत सावलीला, खाली दोन चिरे देऊन ठेवा. घराचं दार किंवा देव्हारा करायचा मनात असेल तर त्याच्याइतकं चांगलं लाकूड विकत मिळणार नाही.

चुलतभावाला आजच फोन करून दोन गोष्टी सांगा: पडलेल्या कलमाच्या मुळांवर गोणपाट, आणि फणसाच्या मागच्या अंगाच्या जमिनीचा फोटो, शेजारी कोयता ठेवून, म्हणजे भेगेची रुंदी कळेल. तो फोटो पाहिल्याशिवाय फणसाबद्दल मी याहून पुढे काही बोलणार नाही.